शिक्षकांमध्ये दोन गट पडलेल्या शाळेत मिळून काम कसं सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच मुख्याध्यापक झालात, शाळेत सहा शिक्षक, त्यांचे दोन गट, आणि सभेत सगळे माना डोलावतात पण पुढे काही हलत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ११ वर्षं मुख्याध्यापिका आहे. माझ्याकडेही अगदी हेच होतं.

आधी कामाची वाटणी तपासा. वरून वाटतं स्वभाव जुळत नाहीत, पण ठिणगी बहुतेकदा तिथे असते. आमच्याकडे यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारला ऑनलाइन भरून द्यायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं एका तरुण सरांच्या गळ्यात पडलं होतं, कारण काय तर त्यांना कॉम्प्युटर येतो. त्यांचा वर्ग वाऱ्यावर, आणि बाकीचे म्हणणार, "सर सदा मोबाईलमध्ये." मी एक दिवस शिकवण्याव्यतिरिक्तची सगळी कामं फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकापुढे नाव घातलं. २८ कामं निघाली, त्यातली १७ त्यांच्या एकट्याच्या नावावर. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सगळ्यांत ज्येष्ठ गुरुजींनी आहाराची साठा नोंदवही आपणहून मागून घेतली.

पण खरं मनाने जवळ आलो ते वह्यांमुळे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ४० मिनिटं बसायचं, प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या अडलेल्या एका मुलाची वही आणायची. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारीसकट धरलेत, त्यामुळे हा वेळ मागायला संकोच करू नका. एकदा चौथीच्या बाईंनी एका मुलीची वही पुढे ठेवली. ५२ वजा २८, उत्तर ३६. पानभर तसंच. आम्ही म्हणालो, हातचा विसरते. दुसरीच्या बाई वही जवळ ओढून म्हणाल्या, "विसरत नाहीये हो. ती आठातून दोन वजा करतेय." पहिलीत आपण घोकून घेतो ना, 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं', तेच ती इमानाने करत होती. पहिलीचा वर्ग माझा. वाक्य माझंच होतं. मी ते सगळ्यांसमोर कबूल केलं. चौथीच्या बाई वर्षभर स्वतःलाच दोष देत होत्या, त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या शनिवारपासून लोक लपवलेल्या वह्या आणायला लागले.

एक पथ्य कडक पाळा: बोलायचं ते वहीवर, शिक्षकावर नाही, आणि तिथलं काहीही केंद्रप्रमुखांच्या (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कानावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये.

आहार शिजवणाऱ्या ताईंनाही महिन्यातून एकदा बोलवा. दर सोमवारी तीनतीनदा भात मागणारा मुलगा आम्हाला त्यांनीच दाखवला. रविवारी त्याच्या घरी चूल नीट पेटत नव्हती.

पहिल्या शनिवारी पहिली वही मात्र तुमच्या स्वतःच्या वर्गातली ठेवा.