घरी रेकॉर्ड केलेल्या भजनात बुवांचा आवाज पेटी-पखवाजाखाली दबतो. मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना) तो नीट कसा बसवायचा?

नुसता फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर ढकलून हे सुटत नाही. आवाज मोठा होतो, पण बाकीच्यांपासून सुटा वाटतो. आधी पेटीचा ट्रॅक बघा. शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि पेटीही तिथेच दाटते. पेटीवर तिथे २-३ डेसिबल कमी करा, शब्द पुढे येतील. बुवांच्या आवाजाला ८०-१०० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालची घरघर कापणारा फिल्टर) लावा.

कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) ३:१ वर ठेवा, म्हणजे ठरलेल्या पातळीवर ३ डेसिबल गेलेला आवाज १ डेसिबलच वर जातो; जोरकस ओळी ४-५ डेसिबल दबल्या तरी पुरे. पण डबलबारीचे (दोन भजनी मंडळांच्या सामन्याचे) बुवा गजर (चढत जाणारा नामघोष) चढवतात तेव्हा आवाजाची उडी फार मोठी असते. तिथे आधी व्हॉल्यूम ऑटोमेशन करा, म्हणजे कुठे आवाज किती कमी-जास्त व्हायचा ते ट्रॅकवर आखून ठेवा. सगळं कॉम्प्रेसरवर सोपवलं तर गजरातला जोरच मरतो, आणि भजन ऐकायचं ते त्याच्यासाठीच. रिव्हर्बला (आवाजाला जोडलेल्या घुमाऱ्याला) २०-३० मिलिसेकंद प्री-डिले द्या, म्हणजे तो मूळ आवाजानंतर तेवढ्या उशिरा सुरू होईल.

मात्र चिऱ्याच्या उघड्या भिंतींची खोली असेल तर गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूंना जाड गोधड्या टांगा. रेकॉर्डिंगमध्ये शिरलेला घुमारा नंतर कुठल्याच प्लगइनने (सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टने) पुरता निघत नाही. कौलांवर पाऊस वाजत असेल तर सर जाईपर्यंत टेक घेऊ नका.