आईसाठी बैठं घर बघताय, पण आधी बाबांच्या त्या 'स्कीम'चं बघा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४३, अंबड एमआयडीसीत नोकरी होती, कंपनीने आता चाकणला बदली केलीय. महिन्याला हातात ९५ हजार, बायको घरी, मुलगी आठवीत, आईबाबा सोबतच राहतात. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, फ्लॅट घेतला आणि लिफ्ट बंद पडली तर तिला घरातच अडकून बसावं लागेल म्हणून बैठंच घर हवंय. तळेगावच्या पुढे चाकण रोडला आतल्या बाजूला दीड गुंठ्यातलं एक घर ६२ लाखांना मिळतंय, ते घेऊ का, असा प्रश्न आहे. नाशिकचं रो हाऊस मात्र विकायचं नाहीये, कारण २०२७ च्या कुंभमेळ्यानंतर भाव दुप्पट होणार असं एजंटने सांगितलंय.

आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: "डाउनपेमेंटचं टेन्शन नाही, बाबांच्या रिटायरमेंटचे ३० लाख बँकेत सेफ आहेत, त्यातले ६ लाख मागच्या महिन्यात बँकेतल्या मॅडमनी एका स्कीममध्ये टाकलेत, दरवर्षी ६ टाकायचे, दोन वर्षांनी कधीही निघतात, पैसे जवळपास दुप्पट आणि टॅक्स फ्री."

ही ओळ वाचली आणि घर बाजूला ठेवून आधी त्या स्कीमचे कागद मागवले. आले ते बघून डोकंच फिरलं.

ही एफडी नाही, बँकेची स्कीमही नाही. ही विम्याची पॉलिसी आहे, बँकेने फक्त विकलीय. हप्ता ६ लाख, ७ वर्षं भरायचा आणि पैसे मिळणार १५ वर्षं पूर्ण झाल्यावर. सात सक बेचाळीस, म्हणजे ४२ लाख भरायचेत. बाबांकडे आहेत ३० आणि पीएफची पेन्शन महिन्याला अडीच हजार. पाच हप्त्यांत बाबांचे सगळे पैसे संपतात आणि दोन हप्ते तरीही उरतात, ते तुमच्या पगारातून जाणार, त्याच पगारातून ज्यावर तुम्ही होम लोन काढायला निघालात. पॉलिसी पिकेल तेव्हा ६७ वर्षांचे बाबा ८२ चे असतील.

आता 'दुप्पट' बघू. ४२ भरून १५ वर्षांनी ८० लाख. ऐकायला भारी वाटतं, पण हप्ते टप्प्याटप्प्याने जातात, सरासरी धरली तर पैसा साधारण १२ वर्षं अडकतो, आणि १२ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सहा टक्के. नीट हिशोब केला तर साडेपाचच्या आसपास येतं. टॅक्स फ्री पण नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मॅच्युरिटीवरच्या नफ्याला टॅक्स लागतो, तुमचा हप्ता ६ आहे. दोन वर्षांनी पैसे काढता येतात हे खरंय, पण तेव्हा सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर भरलेल्यातला चांगला मोठा तुकडा कापून हातात येतो, ते मॅडमनी सांगितलेलं नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट प्रपोजल फॉर्मच्या पहिल्याच पानावर आहे. बाबा रिटायर्ड फोरमन, पण फॉर्मवर लिहिलंय व्यवसाय 'बिझनेस', वार्षिक उत्पन्न '१५ लाख'. तुम्ही म्हणता तुमची सही नॉमिनी म्हणून घेतली, पण फॉर्ममध्ये विमा तुमच्या आयुष्यावर आहे, बाबा फक्त पैसे भरणारे आहेत. म्हणजे उद्या बाबांना काही झालं तर ही पॉलिसी आईला एक रुपया देणार नाही, उलट पुढचा हप्ता मागेल. व्हेरिफिकेशनचा फोन आला तेव्हा मॅडम शेजारी बसून "हो म्हणा काका, फॉर्मॅलिटी आहे" म्हणत होत्या, हे तुम्हीच लिहिलंय. चाळीस वर्षं इमानदारीने नोकरी केलेल्या माणसाकडून असं 'हो' वदवून घेतात याचा मला प्रचंड राग येतो.

नशीब एवढंच की पॉलिसी मेलवर येऊन तीनच आठवडे झाले होते. कागद हातात आल्यापासून ३० दिवस 'फ्री लुक' असतो, म्हणजे नको असेल तर पॉलिसी परत करता येते, आधी हे दिवस साधारण १५ होते, २०२४ पासून सरसकट ३० झालेत. म्हणून तुम्हाला उत्तर त्याच दिवशी पाठवलं, हे बाकीच्यांसाठी लिहितोय. पॉलिसी रद्द करायचा अर्ज बाबांच्या सहीने, विमा कंपनीला मेल करा आणि शाखेत प्रत देऊन शिक्का घ्या, बँकेतल्या मॅडमच्या हातात देऊन घरी येऊ नका, त्या "साहेब आल्यावर बघू" म्हणत दिवस घालवतील. थोड्या दिवसांच्या विम्याचे पैसे, मेडिकल झाली असेल तर ती आणि स्टँपचा खर्च कापून बाकी सगळं परत येतं. त्या खात्यावरचं ऑटो डेबिट पण बंद करा. ज्यांचे ३० दिवस उलटून गेलेत त्यांनी आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जावं, फी लागत नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाकता येते. मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, तोच पुरावा.

पैसे परत आले की २४ लाख सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये, पोस्टात किंवा बँकेत. सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज, महिन्याला सरासरी १६ हजार बाबांच्या खात्यात. उरलेले ६ लाख साध्या एफडीत, आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला आणि अडीअडचणीला. बाबांचे हे ३० लाख घराच्या हिशोबात धरायचेच नाहीत. आणि तुमच्याकडे कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्सशिवाय काहीच नाही, पाच माणसं एका पगारावर आहेत, १ कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे तुम्हाला काही झालं तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, आधी घ्या, लोन नंतर.

आता घर. तुम्ही लिहिलंय की लोन एकाच फायनान्स कंपनीकडून होईल, साडेअकरा टक्क्यांनी, सरकारी बँका "वेळ लावतात". वेळ नाही लावत हो, त्या नाहीच म्हणतात, कारण दीड गुंठा, सामाईक सातबारा, एनए (बिगरशेती) ऑर्डर नाही आणि मंजूर नकाशा दाखवायला विकणारा तयार नाही. बैठं घर शोधणाऱ्यांना पुण्याच्या आजूबाजूला हेच जास्त करून दाखवलं जातं, कारण मंजूर प्लॅनमधल्या महाग जमिनीवर एकच मजला बांधून विकणं बिल्डरला परवडत नाही. ५० लाखांचं लोन १५ वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर ईएमआय ४९ हजार, साडेअकराने ५८. महिन्याला ९ हजार म्हणजे १५ वर्षांत १६ लाख जास्त, तेही असं घर घ्यायला ज्यावर पुढे विकताना गिऱ्हाईकाला लोन मिळणार नाही. स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील, मीटर धरून अजून ५ लाख लागतीलच. हे घर घेऊ नका.

तुम्हाला खरं म्हणजे एकमजली घर नाही, बिनजिन्याचं घर पाहिजे. जुन्या सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट चालेल, किंवा रो हाऊस ज्यात खाली एक बेडरूम आणि वेस्टर्न टॉयलेट आहे. असं काही तळेगाव स्टेशनच्या बाजूला किंवा मोशीकडे आधी भाड्याने घ्या, ११ महिन्यांच्या करारावर, आणि एक पावसाळा काढा. शिफ्ट सुटायच्या वेळेला तळेगाव-चाकण रस्त्यावर किती वेळ जातो, उन्हाळ्यात टँकर येतो का, रात्री दोनला आईला दवाखान्यात न्यायचं तर कुठे न्यायचं, हे शनिवारी साइट बघायला जाऊन कळत नाही. मुलीची दहावी कुठून करायची तेही या वर्षातच ठरवा, नववी झाल्यावर शाळा बदलणं जड जातं.

नाशिकचं रो हाऊस तुमच्या अंदाजाने ५५ लाखांचं, भाडं येईल ११ हजार. वर्षाचे १ लाख ३२ हजार, म्हणजे अडीच टक्के पण नाहीत, त्यातून घरपट्टी आणि रंगरंगोटी. आणि साडेआठ टक्क्यांनी लोन काढून ते सांभाळायचं, कुंभमेळ्याच्या भरवशावर? कुंभमेळ्याने रस्ते होतील, घाट होतील, सिडकोतल्या तुमच्या रो हाऊसला दुप्पट भाव देणारं गिऱ्हाईक त्यातून कसं येणार हे एजंटला विचारा एकदा. बदली पक्की वाटत असेल, परत जायचं नसेल, तर विका. विकल्यापासून दोन वर्षांत नफ्याइतक्या किंवा जास्त किमतीचं दुसरं घर घेतलं तर कॅपिटल गेनवर, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावर, टॅक्स लागत नाही, म्हणजे भाड्याने राहून शांतपणे शोधायला तेवढा वेळ मिळतो. फक्त रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत घर झालं नाही तर नफ्याची रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये ठेवावी लागते, साध्या एफडीत ठेवली तर सूट जाते. ते खातं उघडताना परत कोणी स्कीम दाखवली तर सही करू नका, कागद आधी मला पाठवा.