बिनॅकल लॅम्पला मराठीत काय म्हणायचं?

एका वाचकाने चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या दुकानातून जहाजावरचा पितळी दिवा घेतला. दुकानदार त्याला ‘बिनॅकल लॅम्प’ म्हणत होता. मराठीत ‘दिशादर्शक दिवा’ म्हटलं तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते चालणार नाही. दिशादर्शक म्हटलं की कुलाब्यापुढचं प्रॉन्ग्ज दीपगृह आठवतं, नाहीतर जहाजाच्या डाव्या कुशीचा लाल आणि उजव्या कुशीचा हिरवा दिवा. ते दुसऱ्यांना दिसावेत म्हणून लावतात. या दिव्याचं काम उलटं. रात्री होकायंत्राच्या तबकडीवर बेताचा उजेड पडावा आणि सुकाणूवरच्या माणसाला अंश वाचता यावेत, एवढ्यासाठीच तो असतो. उजेड बाहेर सांडला तर समोरच्या काळोखात बघणाऱ्याची पंचाईत, कारण डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास सहज लागतो. म्हणून असे दिवे तीन बाजूंनी बंद असतात आणि काच फक्त होकायंत्राकडच्या अंगाला. तुमचा दिवाही तसाच असेल, बघा.

आता ‘बिनॅकल’. हे दिव्याचं नाव नाही. होकायंत्र ज्यात बसवतात तो डेकवरचा उभा खांब किंवा पेटी म्हणजे बिनॅकल. दिवा त्याच्या कडेला अडकवायचा. मूळ लॅटिन शब्द ‘हॅबिटॅक्युलम’, म्हणजे लहानसं घर. स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या वाटेने तो इंग्रजीत ‘बिटॅकल’ झाला आणि अठराव्या शतकात त्याचा ‘बिनॅकल’. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण चष्म्याचं घर म्हणतोच की! तसं हे होक्याचं घर. होका हा होकायंत्राचा सुटसुटीत अवतार, ‘यंत्र’ जोडलं नाही तरी अर्थ पुरा होतो.

तेव्हा माझं मत ‘होक्याचा दिवा’ या साध्या षष्ठीला. कुणी ‘होकादीप’ सुचवेल, पण तो बक्षीस समारंभात प्रज्वलित करावा लागेल असं वाटतं. ‘होकायंत्रदीपिका’ तर थेट जुन्या टीकाग्रंथाचं नाव.

पितळेचं म्हणाल तर ती हौस नव्हती. जवळ लोखंड आलं की होक्याची सुई बहकते, म्हणून घर लाकडाचं-पितळेचं आणि दिवाही पितळेचा किंवा तांब्याचा. तुमच्या दिव्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तो होक्याजवळ टांगायचा नव्हे, दिवाणखान्यात ठेवायचा. नाही चिकटला म्हणून जुना ठरतो असंही नाही. नवी पितळी नक्कलही चिकटणार नाही.

विजेचा दिवा आला तरी हाच शब्द चालेल. तिथे उजेड पुष्कळदा लाल असतो, कारण लाल उजेडाने अंधारात बघायची नजर कमी बिघडते. वातीची काजळी गेली, पण नवी भानगड आली : तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह असला की सुई ढळते. त्यावर उपाय म्हणून जाणारी आणि येणारी वायर एकमेकींभोवती पिळून नेतात, म्हणजे एकीचा परिणाम दुसरी जवळजवळ पुसून टाकते.