आजीची वही करायला बसण्यापूर्वी

प्रिय स्नेही,

अनेक आशीर्वाद.

घरातल्या जुन्या, साध्या पदार्थांची वही करायची आहे, आजी अजून हिंडती-फिरती आहे, तेव्हा सुरुवात कुठून करावी, असे तू विचारले आहेस. माझे सांगणे असे की, कृती विचारण्याआधी आजीला तिचे स्वयंपाकघर विचार. तिथे आच कशाची होती, भांडी कोणती होती, धान्य शेतावरून येत होते की रेशनच्या दुकानातून, पाणी किती लांबून भरावे लागत होते आणि महिन्याच्या कोणत्या आठवड्यात डबे तळाला जात होते, हे सगळे समजल्याशिवाय मेतकूट-भाताची किंवा शेंगोळ्यांची कृती तुझ्या हाती लागली तरी तो पदार्थ हाती लागणार नाही. ते पदार्थ त्या परिस्थितीतूनच घडलेले आहेत, आणि परिस्थिती कोणी कृतीत लिहून ठेवत नाही.

आधी आचेचेच घे. चुलीवर स्वयंपाक होत असे तेव्हा मुख्य तोंडावर भाकरी आणि बाजूच्या वैलावर आमटी किंवा दूध, अशी मांडणी असे. वैलाला वेगळे जळण लागत नाही. चुलीतली झळ तिथवर पोचते आणि भाकऱ्या होईपर्यंत आमटी आपली मंद रटरटत राहते. आजी तुला फक्त डाळ शिजवून, घोटून, फोडणीला टाकून, चिंच-गूळ घालून उकळायची असे सांगेल. वैलावरचा तो पाऊण तास सांगणार नाही, कारण त्या वेळात तिला आमटीकडे पाहावेच लागत नव्हते. प्रत्यक्षात चव येते ती त्याच पाऊण तासात. डाळ आणि पाणी एकजीव होतात, चिंचेचा कच्चा आंबटपणा जातो, गूळ आणि गोडा मसाला आमटीत मुरतात. हीच आमटी गॅसवर दहा मिनिटे खळखळ उकळून उतरवली की ताटात डाळ तळाशी बसते आणि पाणी वर येते, आणि मग घरातली माणसे मसाल्याला नावे ठेवतात.

म्हणून प्रत्येक पदार्थापुढे तो कशावर शिजत होता ते लिही. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ च्या सुमारास आला, हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे कुकर १९५९ पासून आपल्याकडे बनू लागले, पण बहुतेक मध्यमवर्गीय घरांना गॅसच्या जोडणीसाठी त्यानंतरही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली आणि खेड्यांत तर चूल फार उशिरापर्यंत टिकली. मधल्या काळात कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी, वातीचा स्टोव्ह आणि पंपाचा स्टोव्ह यांवर पिढ्या जेवल्या. आजीला साल आठवत नसेल तर ‘तेव्हा आपल्याकडे गॅस आला होता का?’ असे विचार. त्या प्रश्नाला हमखास उत्तर मिळते. एकच स्टोव्ह, रॉकेल मोजून मिळणारे आणि जेवणारी माणसे भरपूर, अशा घरात वरणफळे वरचेवर का होत असत हे मग आपोआप कळते. वरण, पोळी आणि भाजी या तिघांचे काम एका पातेल्यात उरकत असे. तुला आज तो आवडीने मागून खाण्याचा पदार्थ वाटतो. ज्या बाईने तो केला तिच्यासाठी ती रॉकेलची बचत होती, आणि दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत.

भांड्यांविषयी फार लिहीत नाही. पितळी पातेल्याची कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतो, त्यामुळे कढी आणि ताकातली उकड कोणत्या भांड्यात होत असे एवढे विचार, आणि लोखंडी कढई घरात कुठे माळ्यावर पडली असेल तर ती खाली काढ. पिठल्याची तळाला धरलेली खरवड नॉनस्टिक भांड्यात निघत नाही, आणि कित्येकांच्या आठवणीतले पिठले म्हणजे ती खरवडच असते.

आता मऊ भात. तुला हा सर्वांत सोपा वाटेल, आणि मला तोच सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यात लपायला मसाला नाही. कुकरात पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, उघड्या पातेल्यात ते १०० अंशांच्या पुढे जात नाही. कुकरातला भात मऊ होतो, पण तो बंद भांड्यात, हात न लागता होतो. जुन्या पद्धतीत आधणात तांदूळ वैरले की पळी फिरत राहते, पाणी आटले की आणखी गरम पाणी पडते, दाणा पळीच्या पाठीने अधूनमधून मोडला जातो आणि त्यातून सुटणाऱ्या सत्त्वाने भात आळत जातो. तांदूळही विचारून घे. मऊ भाताला जुना, मोकळा शिजणारा तांदूळ कामाचा नाही. नवा तांदूळ किंवा कणी हवी. मावळ-मुळशीकडचा आंबेमोहोर सडताना बराच तुटतो, त्याची कणी स्वस्त मिळत असे, आणि तीच कणी आजारी माणसाच्या आणि लहान मुलाच्या ताटात जात असे. वर तुपाची धार, मेतकूट आणि लिंबाच्या जुन्या लोणच्याचा खार. मेतकूट घरचेच हवे, असा माझा आग्रह आहे. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि गहू हे एकत्र भाजून चालत नाहीत. प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येक धान्य स्वतंत्र भाजायचे, मेथी तर शेवटी आणि जपून भाजायची, कारण ती थोडी जास्त तांबूस झाली की सगळे पीठ कडवट होते.

मापांच्या बाबतीत तुझी अडचण होणार आहे. आजी, आणि तिच्याही आधीच्या बायकांच्या वह्या असतील तर त्या, चिपटे, मापटे, शेर आणि पायली याच भाषेत बोलतील. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे कोष्टक सगळीकडे चालत होते, पण ही मापे भरून घेण्याची होती, वजनाची नव्हती, शिवाय शेराचा आकार गावागावांत बदलत असे. म्हणून कोष्टकावर विसंबू नकोस. घरात जुने माप सापडले तर त्यात तांदूळ भर आणि वजनकाट्यावर ठेव. सापडले नाही तर आजीला नेहमीच्या वाटीने घ्यायला सांग आणि तिने घेतलेले धान्य पातेल्यात पडण्याआधी मोजून घे. मिठाची चिमूट आणि पिठाची मूठसुद्धा तशीच मोजायची. यात तिच्या हाताचा अपमान नाही. तिच्या मुठीत मावणारे पीठ आणि तुझ्या मुठीत मावणारे पीठ सारखे नसते, इतके साधे कारण आहे. मात्र हे करताना तिला थांबवू नकोस, तिच्या समोर प्रश्नांची यादी धरू नकोस. तिला भाजी निवडायला, लसूण सोलायला बसव आणि आपणही बस. हात चालू असले की बोलणे सुचते.

भाकरीबद्दल घरातले कोणी ‘आता पूर्वीची गोडी राहिली नाही’ असे म्हणाले तर ते वयाचे बोलणे समजून सोडून देऊ नकोस. संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे पहिले वाण १९६४ मध्ये आले, पुढच्या काही वर्षांत ‘हायब्रीड’ हा शब्द खेडोपाडी पोचला, पीक वाढले आणि खाणाऱ्यांना चवीतला फरक जाणवला. तुला रब्बीची शाळू किंवा मालदांडी ज्वारी आजही मिळू शकते. ती घे, आणि पीठ आठवडाभर पुरेल इतकेच दळून आण. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडा तुटतात, आणि मग उकळते पाणी घालून पीठ मळावे लागते. भाकरी तुटली म्हणजे आपला हात वाईट आहे असे मानून कित्येक मुले-मुली पहिल्याच प्रयत्नात भाकरी सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोष बहुतेक वेळा पिठाच्या वयाचा असतो.

यापुढचे थोडे सांभाळून वाच. या पदार्थांच्या मागे टंचाई आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते आणि पुष्कळ घरांनी ते मनापासून पाळले. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्ली, आणि दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी नावाचे तयार कोरडे खाणे वाटले गेले. तुझ्या घरात कोणाला त्या मिलोच्या भाकरीची आठवण काढणे नकोसे वाटत असेल तर विषय तिथेच सोड. वहीसाठी कोणाला त्या दिवसांत ओढून नेण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि एक गोष्ट मात्र विचारायला विसरू नकोस: शेवटी कोण जेवत असे आणि त्याच्या वाट्याला काय उरत असे? शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, ताकातला भाकरीचा काला, कण्या, या पदार्थांची खरी जाणकार मंडळी म्हणजे सर्वांना वाढून झाल्यावर पाटावर बसणाऱ्या बायका. त्यांनी उरलेल्या अन्नाला चव आणली, ती त्यांची कर्तबगारी होती. त्यांच्यावर ती वेळ येत होती, हेही वहीत आले पाहिजे.

टंचाईतून किती चांगले अन्न निघू शकते याचा माझ्या मते सर्वांत उत्तम नमुना म्हणजे शेंगोळे. हुलगे हलक्या, कोरडवाहू रानातही येतात, म्हणून ते गरिबाघरी असत. कोकणात त्यांनाच कुळीथ म्हणतात आणि त्यांचे पिठले करतात. शेंगोळ्यांसाठी हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, भरपूर वाटलेला लसूण, मिरची, जिरे, हळद आणि मीठ घालून घट्ट मळायचे. तळहाताला तेल लावून पिठाची लांब वळी करायची आणि तिला कडबोळ्यासारखा वेढा द्यायचा. लसणाच्या फोडणीचे पाणी खळखळून उकळू लागले की एकेक शेंगोळा त्यात सोडायचा. आधण निवांत असताना सोडला तर तो विरघळून खाली बसतो. सुरुवातीला पळी अजिबात घालायची नाही, शेंगोळे वर येऊन जरा घट्ट झाले की मगच हलक्या हाताने हलवायचे. पिठाचाच थोडा अंश सुटून पाणी दाट होते, त्यामुळे रश्श्याला खोबरे नाही, कांदा नाही, वाटण नाही. ताटात घेतल्यावर लसणाचा वास आधी येतो आणि हुलग्याचा मातकट, खमंग वास त्यामागून येतो.

यात लोणी, मलई किंवा चीज घालून त्याला ‘आजच्या चवीचा’ करण्याचा मोह तुला होईल, कारण आजूबाजूला सगळे तेच करत आहेत. निदान पहिली काही वर्षे तो मोह आवर. या पदार्थांची जीभ फार थोड्या गोष्टींवर तयार झालेली आहे: हिंग, लसूण, जिरे, आमसूल, थोडा गूळ, तुपाचे चार थेंब. त्यांच्या प्रमाणात थोडे इकडेतिकडे झालेले जिभेला लगेच समजते, आणि जड स्निग्ध पदार्थ वर पडला की ते समजेनासे होते. घटक बदलावाच लागला तर बदल, पण काय होते आणि काय वापरले ते दोन्ही लिहून ठेव.

वहीचे काम पुढे गेले की आत्या एक सांगेल, मावशी दुसरे सांगेल आणि आजी दोघींनाही मोडीत काढेल. तू न्यायनिवाडा करू नकोस. एकाच घरात उकडीला लसूण पडत होता आणि पडत नव्हता, असे खुशाल असू शकते. सासरची रीत वेगळी, माहेरची वेगळी, आणि एकादशीच्या आदल्या दिवशीची आणखी वेगळी. प्रत्येक प्रकार वेगळ्या पानावर, सांगणारीच्या नावासह आणि गावासह लिही. एकेका पदार्थाचे पान पुरे झाले की ते आजीला मोठ्याने वाचून दाखव, आणि ती मध्येच अडवून ‘असे नाही, आधी पाणी’ म्हणाली की तिथल्या तिथे दुरुस्त कर.

तुझी हितचिंतक