घड्याळाची पाठ बदलताय? आधी सुताराला थांबवा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. आर्किटेक्ट आजोबांनी स्वतः डिझाइन केलेलं सागवानी उभं घड्याळ, आत जर्मन मशीन, दर पंधरा मिनिटांनी 'बिग बेनची' धून. पाठीची फळी वाळवीने खाल्लीय, सुतार म्हणतो प्लाय मारून देतो, आणि मग ते मुलाकडे टोरांटोला न्यायचंय. सुताराला आजच फोन करा. बाकीचं नंतर वाचा.

लेव्हल, चावी, लंबक हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

आमचं घड्याळ १९३६ सालचं. आजोबांचे थोरले भाऊ, आमचे अण्णा, दादरला आर्किटेक्ट होते. तेव्हा मुंबईत ज्या आर्ट डेको इमारती उठत होत्या, तसंच या घड्याळाचं डोकं पायऱ्यापायऱ्यांचं. दिवाणखान्यात धून वाजली की स्वयंपाकघरातली आई गॅस बारीक करायची, इतका खणखणीत आवाज.

पाठीला वाळवी लागली तेव्हा मी बारा एमएमचं वॉटरप्रूफ प्लाय बसवून घेतलं. चारही बाजूंनी फेविकॉल आणि वर खिळे. सुतार म्हणाला, "साहेब, आता जन्मभर बघायला नको." खरंच बघवेना. पहिला पाऊण वाजला तो गोधडीखाली झाकलेल्या पातेल्यावर पळी मारल्यासारखा.

आणि मी दोष दिला मशीनला! तीन घड्याळजी झाले. त्यातल्या एकाने मशीन सात महिने ठेवून घेतलं, बुशिंग (चाकांच्या आसाची झिजलेली भोकं भरणाऱ्या कड्या) बदलली म्हणाला, आणि परत दिलं ते हातोड्यांच्या तारा वाकवून. नाव घेत नाही, पण त्या दुकानाच्या गल्लीतून मी अजून जात नाही. त्या पैशात चांगलं नवं घड्याळ आलं असतं.

दोन वर्षांनी माळ्यावर पत्र्याच्या नळीत अण्णांचं ड्रॉइंग सापडलं, ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईतलं. छेदाच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं : पाठ पाव इंच देवदार, खोबणीत सुटी ठेवावी, खिळे मारू नयेत. खाली चार फटी दाखवलेल्या. माझ्या सुताराने त्या बुजवल्या होत्या.

कारण साधं आहे. अशा मशीनमध्ये हातोड्या रॉडवर, म्हणजे धातूच्या लांब बारीक दांड्यांवर पडतात, पण नुसत्या रॉडचा आवाज अगदीच क्षीण. रॉड ज्या लोखंडी ठोकळ्यात रोवलेले असतात तो पाठीच्या फळीला स्क्रूने आवळलेला असतो, आणि खरी गाते ती फळी. तंबोऱ्याची तबकडी काढून तिथे प्लाय चिकटवाल का? मी तेच केलं.

शेवटी एका हार्मोनियमवाल्याने जुनी देवदाराची फळी दिली. ती खोबणीत सुटी बसवली, फटी मोकळ्या केल्या. आवाज बारा आणे परत आला. पूर्वीचा नाही.

मी घड्याळजी नाही, हा एकाच घड्याळाचा अनुभव आहे. नळ्यांच्या किंवा घंटांच्या मशीनला हे असंच लागू पडेल असं नाही. पण रॉड असतील तर एवढं नक्की पाळा : रॉड मुळाशी मुद्दाम बारीक केलेला असतो, तो वाकवून 'सरळ' करायला जाऊ नका, तिथेच मोडतो. हातोडी वाजवून झाल्यावर रॉडपासून दोनेक मिलिमीटर मागे राहिली पाहिजे. तिचं चामडं कडक झालं असेल तर बदला, तेल लावू नका.

टोरांटोचं म्हणाल तर, पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ प्रमाणे शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. तुमचं त्याआतलं असलं तरी पुरावस्तू नसल्याचा दाखला काढून ठेवा. बहिणीकडे पाठवायचं म्हणून मी एका कचेरीत गेलो, तर १९३६ची खरेदीची पावती मागितली. ड्रॉइंगवरची तारीख दाखवली तर म्हणे हा नकाशा आहे. बहिणीला शेवटी फोनवर धून ऐकवतो.

आणि तुम्ही ज्याला बिग बेनची धून म्हणताय, ती मूळची केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरी चर्चची, १७९३ची. लंडनला ती १८५९ साली गेली. असो.

फोटो टाकलेत ते सगळे समोरून आहेत. दार उघडून आतला टाका, ठोकळ्याचे स्क्रू दिसले पाहिजेत. ते नुसते सैल झाले असले तरी आवाज बसतो.