दुकानाच्या शोकेसमध्ये हाताच्या इशाऱ्यांवर चालणारी स्क्रीन लावायची आहे. डेप्थ सेन्सर घ्यावा की साधा वेबकॅम? आणि इशारे कोणते ठेवावेत?

सेन्सरचं आधी सांगून टाकते: डेप्थ सेन्सर घ्या, म्हणजे न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकून समोरच्या गोष्टींचं अंतर मोजणारा कॅमेरा. मीडियापाइप हे गूगलचं सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरही हाताचे २१ बिंदू छान पकडतं, पण खोलीतल्या उजेडात. रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांचे हेडलाइट आणि शेजारच्या दुकानाची लुकलुकती रोषणाई असते, तिथे त्याचा भरवसा नाही. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा डेप्थ सेन्सर आता बनत नाही, त्यानंतरचा अझूर किनेक्टही २०२३ मध्ये बंद झाला. त्याच तंत्रावरचा ऑर्बेक कंपनीचा फेम्टो बोल्ट मिळतो.

इशारे मात्र एकही ठेवू नका. यावरून माझं आणि माझ्या तेव्हाच्या भागीदाराचं कडाक्याचं भांडण झालंय, म्हणूनच लिहायला बसले.

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानाचं दिवाळीचं काम होतं. भागीदाराचं म्हणणं, हात उजवीकडून डावीकडे फिरवला की पुढची साडी दिसावी आणि काचेवर ‘हात हलवा, साडी बदला’ असा स्टिकर असावा. मी विचारलं, दिवाळीच्या आठवड्यात लक्ष्मी रोडवर कुणाचा हात मोकळा असतो? एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. मालकांनी त्याचं ऐकलं.

लोक स्टिकर वाचायचे आणि पुढे जायचे. जे थांबायचे ते सरळ काचेवर बोट टेकवायचे, कारण मोबाइलची सवय. ज्यांनी खरंच हात फिरवला त्यांची आणखीच पंचाईत. फिरवलेला हात परत आणावाच लागतो, आणि तो परत आणला की सॉफ्टवेअरला उलटा इशारा मिळून आधीचीच साडी यायची. शिवाय निऱ्यांमध्ये पाय वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे साडी नेसलेल्या बाईचा सांगाडा, म्हणजे हातपाय-सांधे कुठे आहेत ते, सेन्सरला नीट सापडत नाही. साड्यांच्याच दुकानासमोर ही गत.

माझी आवृत्ती तयार होती, ती मग लावली. समोरून जाणाऱ्या माणसाची आकृती आरशासारखी स्क्रीनवर उमटायची आणि पैठणीने भरायची. पायाशी नारळी काठ, अंगभर बुट्ट्या, हात उचलला तर त्यावर मोर. करायचं काहीच नाही, नुसतं चालायचं. एका आजींनी जाता जाता पदर सारखा केला, तर काचेतला पदरही सरकला. त्यांनी पुढे गेलेल्या सुनेला हाक मारली, “अगं ए, मागे ये, हे बघ!” मग गर्दी जमली. मागचे लोक आपली आकृती कुठली ते शोधायला डोक्यावर हात उंचावू लागले, आणि हात उंचवा असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं!

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकन संगणक-कलाकार मायरन क्रूगरने १९७० च्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’मध्ये माणसाची सावलीच स्क्रीनवर आणली होती. संशोधक यर्ग म्युलर आणि सहकाऱ्यांनी शोकेसबद्दल केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काच आपल्याला प्रतिसाद देतेय हे लोकांना बाहुलीसारख्या आकृतीपेक्षा स्वतःच्या सावलीतून किंवा प्रतिमेतून जास्त कळतं, असं त्यांना दिसलं. ते कळायला साधारण १.२ सेकंद लागतात. तेवढ्यात चालणारा माणूस दीडेक मीटर पुढे जातो, कितीतरी जण मागे वळून येतात. म्हणून आकृती शोकेसच्या पहिल्या टोकापासून दिसू द्या. कोपऱ्यातली एकच छोटी स्क्रीन फुकट जाते. भागीदाराला हे दाखवलं तर म्हणाला, “ते तिकडचं झालं, आपल्या लोकांना सांगावं लागतं.” हे वाक्य मला अजून सहन होत नाही. आपल्या लोकांना सगळं समजतं, त्यांना फक्त वेळ नसतो.

राहिलेलं थोडं. सेन्सर काचेला अगदी चिकटवून लावा आणि भोवती काळा फोम भरा, नाहीतर त्याचाच इन्फ्रारेड काचेवरून परत येतो. काचेवर उन्हाची फिल्म असेल तर बाहेरून रिमोट दाबून आतला टीव्ही चालतो का बघा. चालला नाही तर सेन्सरही बहुधा अडेल. थेट ऊन पडत असेल तर दिवसा कामाची आशा सोडा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दुकानांना दिवाळीत हा त्रास होतोच. चित्रं साठवू नका, फक्त सेन्सरने मोजलेल्या अंतराची माहिती वापरा, आणि तसं काचेवर लिहा. फुटपाथ अरुंद असेल तर गर्दी रस्त्यावर उतरते, म्हणून दुकानाचा एक माणूस बाहेर उभा ठेवा.

आणि हे सगळं चालत्या माणसाबद्दल आहे. म्युझियममध्ये लोक मुद्दाम थांबतात, तिथे एखादा इशारा चालेल.

भागीदार अजून म्हणतो की मालकांना कॅटलॉग दाखवायचा होता. कॅटलॉग दाखवायला आत गादीवर माणसं बसलेली असतात. तुमचा क्लायंटही स्वाइपवर अडून बसला तर त्याला संध्याकाळी सात वाजता स्वतःच्या दुकानाबाहेर उभं करा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी किती जणांचे दोन्ही हात मोकळे आहेत ते मोजायला सांगा.