वाचकांचे प्रश्न : नव्या वर्षाच्या यादीचे वजन

डिसेंबरच्या अखेरीस या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो, तो म्हणजे येत्या वर्षी काय वाचावे. यंदाच्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला दिलेले उत्तर लांबले आहे, कारण इतर अनेकांची अडचण त्याच पत्रात आलेली आहे.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते आणि बँकेत नोकरी करते. गेल्या जानेवारीत मी पन्नास पुस्तकांची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. वर्ष संपताना त्यातली तीनच वाचून झाली. यादीबाहेरची आठ मात्र वाचली. रात्री जेवणानंतर अर्धा तास मिळतो. यंदा यादी करावी की नाही, आणि केल्यास कशी करावी?

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर आपण अर्ध्या वाक्यात उरकला आहे. यादीबाहेरची आठ पुस्तके आपण वाचली, तेव्हा आपली वाचनाची सवय शाबूत आहे आणि दोष असलाच तर तो यादीत आहे. नवी यादी करण्यापूर्वी एका कागदावर त्या आठ पुस्तकांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते पुस्तक आपल्या हाती कसे आले, हे लिहावे. कोणी मैत्रिणीने दिले असेल, कोणाची मुलाखत ऐकून घ्यावेसे वाटले असेल, एखादे प्रवासाला निघताना सहज उचलले असेल. ग्रंथालयाच्या देवघेव विभागात माझी बरीच वर्षे गेली. वाचक कोणते पुस्तक मागतो आणि कोणते खरोखर वाचून परत आणतो, यांत केवढे अंतर असते ते मी तेथे पाहिले आहे. मागण्याच्या वेळी माणूस आपल्याविषयीच्या अपेक्षा सांगतो, आणि त्याची आवड कळते ती परत आलेल्या पुस्तकांवरून. आपली पन्नासांची यादी पहिल्या प्रकारची होती, असा माझा तर्क आहे.

यादी जरूर करावी, परंतु ती पुस्तकांच्या संख्येवर बेतू नये. माझे थोरले चुलते दर मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी नृसिंहवाडीला जाऊन गुरुचरित्राचा सप्ताह करीत असत. प्रचलित प्रथेप्रमाणे पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत बारा, आणि पाचव्या दिवशी मात्र छत्तीस, सदतीस व अडतीस असे तीनच अध्याय वाचले जातात. लहानपणी मला वाटे, की पाचव्या दिवशी काका कंटाळा करतात. एकदा तसे बोलून दाखवल्यावर त्यांनी पोथी पुढे केली आणि छत्तिसाव्या अध्यायाची पाने मोजायला लावली. मोजता मोजता मीच कंटाळलो. ज्यांनी ही वाटणी ठरवली त्यांनी अध्यायांची संख्या पाहिली नाही, एका बैठकीत माणसाला किती झेपते ते पाहिले. वार्षिक यादीला याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

आता आपला हिशोब मांडू. आठ दिवस रोज वाचून झाल्यावर किती पाने झाली ते कागदाच्या चिठ्ठीवर टिपावे (ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवू नये, ही जुन्या नोकरीची सवय म्हणून सांगतो). अर्ध्या तासात साधारण 15 पाने होतात असे धरू. वर्षाचे 365 दिवस धरू नयेत. सणवार, आजारपण, पाहुणे आणि निव्वळ थकवा वजा जाता 300 दिवस हाती राहिले तरी पुष्कळ झाले. म्हणजे वर्षाची पुंजी सुमारे 4,500 पानांची झाली. आपल्या पन्नास पुस्तकांची सरासरी 250 पाने धरली, तर ती यादी 12,500 पानांची होती आणि ती पुरी करण्यास रोज जवळजवळ 42 पाने वाचावी लागली असती. अर्ध्या तासात ते होणे नव्हते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच ती यादी बुडालेली होती, आपल्याला ते डिसेंबरात कळले एवढेच.

या 4,500 पानांपैकी तीन हजारच यादीला द्यावीत आणि उरलेली दीड हजार कोरी ठेवावीत, कारण आपली ती आठ पुस्तके याच कोऱ्या जागेतून येणार आहेत. शिवाय कोऱ्या भागावर दिवाळी अंकांचा हक्क असतोच. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने अंकांचे असतात, आणि तरीही यादी करताना त्यांची पाने कोणी धरीत नाही. दोन जाडजूड अंक म्हणजे सहज चार-पाचशे पाने झाली.

पाने ठरली की ती महिन्यांवर पसरावीत, पण समान नव्हे. आपण बँकेत आहात, तेव्हा मार्चअखेरीला घरी पोहोचल्यावर वैचारिक ग्रंथ उघडण्याची अपेक्षा स्वतःकडून ठेवू नये. त्या महिन्यात कथासंग्रह घ्यावा, जो कोठेही थांबवता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा पाऊस संध्याकाळचे फिरणे बंद करतो आणि पंचगंगा पात्राबाहेर आली की बाहेरगावची जाणीयेणीही रद्द होतात. जाड पुस्तक त्या दोन महिन्यांसाठी राखावे. नऊशे पानांची एक कादंबरी आपल्या गतीने 60 दिवस घेते, हे तिचे नाव यादीत लिहितानाच शेजारी लिहून ठेवावे. तिच्या आधी आणि नंतर काहीतरी बारीक असावे. गणपती ते दिवाळी या काळात नवे काही सुरू करू नये, हाती असलेले संपवावे, असे मी स्वतः करतो. आपल्या घरचा रिवाज निराळा असेल तर तो पाहावा.

माझी यादी फुलस्केप वहीच्या एका पानावर असते आणि तिला चार रकाने असतात : पुस्तकाचे नाव, पाने, ते कोठून मिळणार, आणि ते का वाचायचे. तिसरा रकाना बहुतेक लोक गाळतात, आणि तेथेच यादी अडते. पुस्तक घरात आहे, ग्रंथालयातून मिळेल, कोणाकडून उसने घ्यायचे आहे की विकत घ्यायचे आहे, हे आधी ठरले नसेल तर फेब्रुवारीत एक पुस्तक संपते आणि पुढचे हाताशी नसल्यामुळे वाचन पंधरा दिवस थांबते. पुष्कळ जुनी मराठी पुस्तके दुकानांत मिळत नाहीत, पण ग्रंथालयांत असतात. आपल्या शहरात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे; अशा जुन्या संग्रहात यादी घेऊन एक दुपार घालवावी आणि कोणती पुस्तके आहेत ते जानेवारीतच पाहून घ्यावे. मी एकदा तसे केले तेव्हा मला हव्या असलेल्या प्रवासवर्णनाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर अखेरचा शिक्का चौदा वर्षांपूर्वीचा होता. त्या पुस्तकासाठी रांग नव्हती, हे सांगायला नकोच. चौथ्या रकान्यात ‘सगळे वाचतात म्हणून’ एवढेच कारण सुचत असेल, तर ते नाव खोडण्यास हरकत नाही.

पुस्तक अर्धवट सोडल्यास त्याची तारीख आणि सोडण्याचे कारण त्याच ओळीत लिहावे. पुढच्या डिसेंबरात हा मजकूर फार उपयोगी पडतो.

प्रश्न : मी शाहूपुरीत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. या वर्षी फक्त कोल्हापूरविषयीच वाचावे, असा संकल्प केला आहे. पुस्तके भरपूर आहेत, पण क्रम लागत नाही. कोठून सुरुवात करावी?

उत्तर : संकल्प चांगला आहे, त्यात धोका एवढाच, की कोल्हापूर म्हटले की सर्व काही त्यात बसते आणि मग महालक्ष्मीच्या मंदिरापासून कुस्तीपर्यंत पुस्तकांचा ढीग होतो. आपण तीन धारा निवडाव्यात आणि एकावेळी एकच चालवावी.

पहिली अर्थातच राजर्षी शाहूंची. त्यांची चरित्रे अनेक आहेत, परंतु आपण शिक्षक आहात म्हणून सुचवतो, की चरित्राच्या आधी मूळ कागद वाचावेत. 26 जुलै 1902 चा, राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम फार लहान आहे. तो एका बैठकीत होतो आणि दोनदा वाचला तर त्यातील शब्दयोजना किती सावध आहे ते दिसते. त्यानंतर सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे 1917 चे पाऊल आणि मार्च 1920 ची माणगावची परिषद, जेथे डॉ. आंबेडकर आणि शाहू महाराज एका व्यासपीठावर आले, यांविषयीचे लेखन घ्यावे. मग चरित्र उघडले, की चरित्रकाराने कोठे भर दिला आणि कोठे हात आखडता घेतला हे आपले आपल्याला कळू लागते. उलट क्रमाने वाचल्यास हे सुख मिळत नाही.

दुसरी धारा चित्रपटांची. ‘प्रभात’ 1929 मध्ये येथे स्थापन झाली आणि 1933 मध्ये पुण्यास गेली, म्हणजे कोल्हापूरच्या वाट्याला तिची चारच वर्षे आली. तरीही 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ त्या चार वर्षांतला आहे. या विषयावर आत्मचरित्रे भरपूर मिळतात. ती जोडीने वाचावीत, कारण एकाच प्रसंगात प्रत्येक लेखक स्वतःला खोलीच्या मध्यभागी उभा करतो.

तिसरी धारा शहराबाहेरची आहे आणि माझ्या मते ती सर्वांत श्रीमंत. या जिल्ह्याच्या बोलीने मराठी गद्याला जे दिले त्याचा आरंभ आपण आनंद यादवांच्या ‘झोंबी’पासून करू शकता. कागलच्या कष्टकरी कुळाच्या घरात शिक्षणासाठी झालेली ओढाताण त्यात आहे. 1987 मध्ये आलेल्या या पुस्तकास 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्यापुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ असे भाग आहेत व ते याच क्रमाने वाचावेत. चारही सलग वाचण्याचा मोह मात्र टाळावा. दोन भागांच्या मध्ये पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथा घातल्या, तर त्याच मातीतला विनोदही हाती लागतो आणि जीव हलका होतो. आपण आयुष्यभर प्रमाण मराठी शिकवली असेल, तर पहिली वीस-पंचवीस पाने ओठ हलवून वाचावीत. डोळ्यांना अडखळवणारे शब्द कानाला ओळखीचे निघतात.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेत दहा तास जातात. अवांतर वाचनाची यादी करणे हा वेळेचा अपव्यय ठरेल का?

उत्तर : यादी सहा पुस्तकांची करावी आणि एकही पुस्तक दोनशे पानांच्या वर नसावे. ललित निबंध, कथा, व्यक्तिचित्रे चालतील. यशस्वी कसे व्हावे हे सांगणारे एकही नको, कारण दिवसभर आपण तेच ऐकत असता. ही पुस्तके अभ्यासिकेत नेऊ नयेत. ती खोलीवर, उशीजवळ असावीत.

प्रश्न : सासूबाईंना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. त्यांच्यासाठी मी रोज मोठ्याने वाचते. हे वाचन माझ्या यादीत धरावे का, की ऐकणे-ऐकवणे वेगळे मानावे?

उत्तर : निःशंक धरावे. आपल्याकडे श्रावणातली पोथी एकजण वाचतो आणि ओसरीभर माणसे ऐकतात, आणि ऐकणाऱ्यांनी ती वाचली नाही असे कोणी मानीत नाही. हिशोबात फरक एवढाच, की मोठ्याने वाचताना मनातल्या मनात वाचण्याच्या मानाने बराच अधिक वेळ लागतो, म्हणून अर्ध्या तासाला आठ-नऊ पानेच धरावीत. पुस्तक त्यांना निवडू द्यावे. लांब वाक्यांची आणि जोडाक्षरांनी जड झालेली पुस्तके आवाजाला थकवतात. संवाद असलेली कादंबरी बरी, आणि प्रकरण जेथे संपते तेथेच थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी मागचे आठवून सांगण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असल्यास अर्धवट राहील असे पुस्तक तिच्या तोंडावर सुरू करू नये. नंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंतचे दिवसही आपल्याच आवाजाचे आहेत, तेव्हा त्या दिवसांसाठी एक छोटे पुस्तक आधीच आणून ठेवावे.